लाडूनं शेण खाल्लं, पण चूक कोणाची?

मंडळी, आजचा विषय जेवणाच्या टेबलावर काढण्यासारखा नाही. हातात चहाचा कप असेल तर आधी तो संपवा आणि मग पुढे वाचा.

मार्च संपत आला की श्रूजबरीत बर्फ वितळायला लागतो. डिसेंबरपासून पांढऱ्या दुलईखाली दडलेलं सगळं एकेक करून वर येतं. मुलांचा हरवलेला हातमोजा, दिवाळीच्या माळेची विसरलेली वायर, आणि घरात कुत्रा असेल तर त्याच्या तीन महिन्यांच्या शीचा हिशेब. थंडीत रोज बूट-जॅकेट चढवून मागच्या अंगणात कोण जाणार, म्हणून आपण दार उघडून कुत्र्याला बाहेर सोडतो आणि काचेतून बघत उभे राहतो. बर्फ पडतो, झाकून टाकतो, आपण विसरतो. कुत्रा मात्र विसरत नाही.

याच दिवसांत श्रूजबरीतल्याच एका मैत्रिणीचा फोन आला. आवाज इतका दबका, की मला वाटलं कोणी आजारी आहे.

"एक विचारू का? हसू नकोस हं. आमचा लाडू शी खातो गं. स्वतःचीच."

लाडू म्हणजे त्यांचा दोन वर्षांचा बीगल. खाण्याच्या बाबतीत नावाला जागणारा. मैत्रिणीच्या सासूबाई सहा महिन्यांसाठी साताऱ्याहून आल्या आहेत. कुत्रा घरात, त्यातून देवघर स्वयंपाकघराला लागून, हे त्यांनी नातीकडे बघून कसंबसं चालवून घेतलं होतं. पण त्या दिवशी त्यांनी खिडकीतून लाडूचा उद्योग पाहिला, आणि दोन मिनिटांनी तोच लाडू आत येऊन त्यांचा हात चाटायला लागला. "मेल्यानं शेण खाल्लं!" असं त्या ओरडल्या. मराठीत हा वाक्प्रचार आपण माणसांसाठी किती सढळपणे वापरतो! या वेळी तो शब्दशः खरा होता.

पुढचं ऐकून मात्र मला हसू आलं नाही. घरात तीन प्रकारच्या पावडरींचे डबे आणून झाले होते, अननस चारून झाला होता, कुत्र्याचं नाक शीजवळ नेऊन दरडावूनही झालं होतं. आता नवरा म्हणत होता की ज्या संस्थेकडून आणला तिला परत देऊन टाकू. आठ वर्षांची लेक दोन दिवस जेवत नव्हती.

हा लेख त्या मैत्रिणीसाठी आहे, आणि जे तिच्यासारखे फोन करत नाहीत त्यांच्यासाठीही. कारण हा विषय लाजेचा मानला जातो. कुत्र्याला खरूज झाली तर आपण मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच विचारतो. हे विचारत नाही. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. कुत्रा शी खातो यात त्याचं काही बिघडलेलं नसतं, बाजारातल्या पावडरींनी ते सहसा थांबत नाही, आणि खात्रीचा उपाय एकच आहे, जो कुत्र्याला नाही, आपल्याला करायचा आहे. तो म्हणजे शी पडल्या पडल्या उचलणे. इतकं साधं असूनही आपण तेच का टाळतो, हा माझ्या मते खरा प्रश्न आहे.

आधी विज्ञान बघू. विष्ठा खाण्याच्या सवयीला शास्त्रीय भाषेत कोप्रोफेजी म्हणतात. प्राणिजगतात ती अजिबात विकृती नाही. सशाचं उदाहरण घ्या. ससा दोन प्रकारच्या लेंड्या टाकतो, आणि त्यांतल्या मऊ लेंड्या लगेच तोंडात घेतो, कारण मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीत जंतूंनी तयार केलेली जीवनसत्त्वं आणि प्रथिनं त्याला पहिल्या फेरीत पचवता येत नाहीत. त्याला हे करू दिलं नाही तर तो कुपोषित होतो. हत्तीची पिल्लं आईचं शेण खातात आणि गवत पचवायला लागणारे जंतू तिथून मिळवतात. कोआलाची आई पिल्लाला दूध सोडवताना एक खास मऊ विष्ठा चारते, तीही याच कामासाठी.

कुत्र्यांकडे येऊ. व्यालेली कुत्री पहिले दोन-तीन आठवडे पिल्लांना चाटून त्यांच्याकडून शी-शू करवून घेते आणि ती खाऊन टाकते. पिल्लांना या वयात स्वतःहून उत्सर्जन करता येत नाही, आणि घाण पडून राहिली तर त्यांची जागा अस्वच्छ होते. म्हणजे प्रत्येक कुत्र्यानं आयुष्याची सुरुवात हे बघतच केलेली असते. पिल्लंही जग तोंडानंच ओळखतात, आणि त्यांतली बरीच मोठी झाल्यावर ही सवय आपोआप सोडतात.

मोठेपणीही जी सोडत नाहीत त्यांचं काय? डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले पशुवैद्यक बेंजामिन हार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास करून २०१८ मध्ये तो प्रसिद्ध केला. दोन ऑनलाइन सर्वेक्षणांतून त्यांना कुत्रेमालकांचे तीन हजारांवर प्रतिसाद मिळाले. त्यात १६ टक्के कुत्रे नियमित शी खाणारे निघाले, म्हणजे मालकानं किमान सहा वेळा तसं पाहिलेलं. साधारण सहा कुत्र्यांत एक. आपल्या ओळखीच्या मराठी घरांत सहा कुत्रे असतील, तर लाडू एकटा नाही हे उघड आहे. लाज वाटून गप्प बसण्याइतकी ही गोष्ट दुर्मिळ नाही.

त्या अभ्यासातल्या आणखी काही गोष्टी आपल्या समजुतींना धक्का देतात. कुत्र्याचं वय, त्याला दिला जाणारा आहार, घरात शी न करण्याचं शिक्षण तो किती सहज शिकला, यांपैकी कशाशीच या सवयीचा संबंध दिसला नाही. "त्याच्या अन्नात काहीतरी कमी पडत असेल" हे आपलं आवडतं स्पष्टीकरण त्यामुळे लंगडं पडतं. संबंध दिसला तो हावरटपणाशी. समोर आलेलं घशाखाली लोटणारे कुत्रे हेही जास्त खातात. आणि एक फार महत्त्वाचा तपशील असा, की खाल्ली जाणारी शी बहुतेक वेळा ताजी असते, दोन दिवसांच्या आतली.

दोन दिवसच का? हार्ट यांनी याचं एक स्पष्टीकरण सुचवलं आहे. ते सिद्ध झालेलं नाही, पण विचार करण्यासारखं आहे. कुत्र्याचे पूर्वज लांडगे. लांडगे शक्यतो गुहेपासून दूर जाऊन शी करतात. पण एखादा आजारी किंवा जुलाब झालेला लांडगा गुहेजवळच करतो. त्या शीत जंतांची अंडी असतात. ती अंडी बाहेर पडल्या क्षणी लागण करू शकत नाहीत, त्यांच्यात अळी तयार व्हायला काही दिवस जावे लागतात. तेवढ्या वेळात कोणी ती शी खाऊन टाकली, तर खाणाऱ्याला फारसा धोका नाही आणि गुहेतली पिल्लं वाचतात. म्हणजे आपण ज्याला घाणेरडेपणा म्हणतो, ती मुळात साफसफाई असू शकते. लाडू आपल्या गुहेचं अंगण झाडतो आहे. फक्त खराटा त्याच्या तोंडात आहे.

दुसरी बाजू आपल्यापैकी गावाकडे वाढलेल्यांना कोणी सांगायला नको. इथून तासाभरावर ॲमहर्स्टच्या हॅम्पशायर कॉलेजात रेमंड कॉपिंजर नावाचे प्राध्यापक होते. कुत्रा माणसानं पकडून माणसाळवला नाही, तर वस्तीच्या उकिरड्यावर जगायला आलेले लांडगे पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच कुत्रे होत गेले, असं त्यांचं प्रतिपादन होतं. त्या मतावर वाद आहेत. पण उकिरड्यावर माणसाची विष्ठाही असते, आणि जगभरातले गावकुत्रे ती खातात, यावर वाद नाही. गावाबाहेरच्या हागणदारीकडे जाणाऱ्या वाटेवर टमरेल घेतलेल्या माणसामागे दोन-चार कुत्रे का असायचे, हे लहानपणी आपण पाहिलेलं आहे. लाडूच्या पणज्यांचं ते अन्न होतं. आपण त्याला मऊ गादी आणि सोनेरी बिल्ला दिला म्हणून त्याचं नाक बदललेलं नाही.

आता पावडरींबद्दल. शीची चव बिघडवणाऱ्या गोळ्या आणि भुकट्या कुत्र्याच्या अन्नात मिसळायच्या, म्हणजे शी त्याला नकोशी होईल, अशी कल्पना आहे. ऐकायला तर्कशुद्ध वाटते. पण जो प्राणी शी चवीनं खातो त्याला कोणती चव नकोशी होईल, हे आपण आपल्या जिभेवरून ठरवतो आहोत! हार्ट यांच्या सर्वेक्षणात अशी अकरा उत्पादनं वापरून पाहिलेल्यांना विचारलं होतं. प्रत्येकाचं यश शून्य ते दोन टक्के. हे प्रयोगशाळेतलं मोजमाप नाही, मालकांनी सांगितलेला अनुभव आहे, आणि ज्यांचं काम झालं ते असल्या सर्वेक्षणाकडे कदाचित वळलेही नसतील. ते सगळं धरूनही आकडा फारच केविलवाणा आहे. अननस, भोपळा, शीवर तिखट टाकणं यांचीही गत वेगळी असेल असं मानायला आधार नाही. आमच्या बंड्यानं तर तिखट टाकलेली शीसुद्धा खाल्ली होती, आणि नंतर पाणी मागितलं होतं. हो, आमचा बंड्याही याच पंथातला. लॅब्राडोर. म्हणून तर मी एवढ्या अधिकारानं बोलते आहे.

ओरडण्या-मारण्याचं काय? त्यानं नुकसानच होतं. नाक शीत घासणं हा तर शुद्ध अन्याय. कुत्रा त्यातून "खायचं नाही" हे शिकत नाही. तो "मालक दिसायच्या आत गिळायचं" हे शिकतो. काही कुत्रे माणसासमोर शी करायलाच घाबरतात आणि सोफ्यामागे जाऊन करतात. आपण धावत गेलो तर त्याला वाटतं, या ऐवजात नक्कीच काहीतरी खास आहे, हेसुद्धा मागतायत! मग तो आणखी घाईनं खातो. विजेचा झटका देणारे पट्टेही लोकांनी वापरून पाहिले आहेत. त्या सर्वेक्षणात त्यांनीही दिवे लावलेले नाहीत. उलट भीती मात्र शिल्लक राहते.

एक सावधगिरी मात्र पाळायची. आधी कधीही न खाणारा मोठा कुत्रा अचानक शी खायला लागला, तर ती सवय समजू नका. डॉक्टरकडे न्या. स्वादुपिंड पुरेसे पाचकरस बनवत नसेल तर अन्न न पचता बाहेर पडतं. कुत्रा भरपूर खाऊनही रोडावतो, शी फिकट, चिकट आणि खूप होते. मधुमेह, कुशिंग नावाचा संप्रेरकांचा आजार, जंत, किंवा खाजेसाठी दिलेली स्टेरॉइडं यांनीही भूक भलतीच वाढते. श्रूजबरीकरांचं नशीब असं, की शेजारच्या नॉर्थ ग्राफ्टनमध्ये टफ्ट्स विद्यापीठाचं पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तिथे निकोलस डॉडमन यांनी १९८६ मध्ये प्राण्यांच्या वर्तनासाठी वेगळं क्लिनिक सुरू केलं होतं. म्हणजे "कुत्रा असं का वागतो" हा प्रश्न घेऊन डॉक्टरकडे जाण्यात वेडगळ काही नाही.

शीचा नमुना तपासायला देताना एक गोष्ट आवर्जून सांगा, की आमचा कुत्रा शी खातो. अंगणात सशाच्या लेंड्या असतात, तळ्याकाठी कॅनडा गीझ जातीच्या बदकांसारख्या पक्ष्यांची विष्ठा असते. कुत्र्यानं ती खाल्ली, तर त्या प्राण्यांच्या जंतांची अंडी त्याच्या पोटातून नुसती आरपार जातात आणि तपासणीत दिसतात. डॉक्टरला माहीत नसेल तर नसलेल्या आजारावर औषध सुरू व्हायचं.

धोका किती, हेही स्पष्ट बोलू. निरोगी, जंताचं औषध नियमित मिळणाऱ्या कुत्र्यानं स्वतःची ताजी शी खाल्ली, तर त्याला सहसा काही होत नाही. दुसऱ्या कुत्र्याची खाल्ली तर गोष्ट वेगळी. जिआर्डिया नावाचा एकपेशीय जीव शीबरोबर बाहेर पडतो तेव्हाच लागण करण्याच्या अवस्थेत असतो, तिथे दोन दिवसांची सवलत नाही. पार्व्हो विषाणूचंही तसंच, आणि तो मातीत कित्येक महिने तग धरतो. म्हणून पिल्लांचं लसीकरण पूर्ण होण्याआधी त्यांना पार्कात मोकळं सोडू नये. घोड्यांच्या लिदीत कधीकधी जंताच्या औषधाचा अंश राहतो. कॉली जातीच्या काही कुत्र्यांना जनुकीय कारणामुळे तो विषारी ठरू शकतो.

माणसांसाठी महत्त्वाचा आहे तो गोल जंत, टोक्सोकारा. त्याची अंडी मातीत एक ते चार आठवड्यांत लागण करण्याजोगी होतात आणि नंतर वर्षानुवर्षं टिकू शकतात. थंडीही त्यांना सहज मारत नाही. मातीत खेळून तोंडात बोटं घालणाऱ्या मुलांच्या पोटात ती गेली, तर अळ्या यकृतात, क्वचित डोळ्यात पोचतात. आता नीट बघा. सासूबाईंना भीती वाटली ती लाडूच्या जिभेची. ती अगदीच निराधार नाही, शी खाल्लेल्या तोंडानं चाटू देऊ नये आणि चाटलं तर हात साबणानं धुवावेत. पण नातीला खरा धोका होता तो लाडूनं खाल्लेल्या शीपेक्षा न खाल्लेल्या शीचा. जी तीन महिने बर्फाखाली पडून होती, आणि आता तिच्या झोपाळ्याखालच्या मातीत मुरत होती.

मग करायचं काय? आमच्या घरी जे चाललं ते सांगते. पहिला नियम, कुत्रा एकटा अंगणात जाणार नाही. कुंपण असलं तरीही. पट्टा लावून, खिशात पिशवी आणि दुसऱ्या खिशात खाऊ घेऊन माणूस बरोबर जाणार. हे दिवसभर करावं लागत नाही. पोटात अन्न गेलं की आतड्यांची हालचाल वाढते, त्यामुळे बहुतेक कुत्रे जेवल्यानंतर अर्ध्या तासाच्या आत शी करतात. दिवसभर भांडं भरून ठेवण्याऐवजी दोन ठरलेल्या वेळी जेवण द्या, म्हणजे शीच्याही वेळा ठरतात. आठवडाभर नोंद ठेवलीत तर तुमच्या कुत्र्याचं वेळापत्रक तुम्हाला पाठ होईल.

दुसरा नियम, शी झाली की त्याच क्षणी त्याला नावानं हाक मारायची, तो तुमच्याकडे वळला की खाऊ द्यायचा, आणि तो खात असताना शी उचलायची. सुरुवातीला पट्ट्यानं हलकेच वळवावं लागतं. दोन-तीन आठवड्यांत बंड्याला कळलं की शी झाली की आईकडे पळायचं, तिच्या खिशात त्याहून चांगलं काही असतं. "सोड" हा शब्द घरात, साध्या वस्तूंवर आधी शिकवा, एकदम शीवर नको. पण फक्त शब्दावर विसंबू नका. नुसत्या हुकमानं सुधारलेले कुत्रे फार थोडे. शब्द मदतनीस आहे, काम पिशवीच करते.

तिसरा नियम, जुनं सगळं उचला. एकदाच, एका शनिवारी, घरातल्या सगळ्यांनी. हिवाळ्यात दाराजवळचा एक कोपरा फावड्यानं मोकळा करून तीच जागा कुत्र्याला लावा, म्हणजे बर्फात शोधत बसावं लागत नाही. घरात मांजर असेल तर तिचा डबा कुत्र्याच्या तोंडापासून दूर ठेवा. मुलांच्या वाळूच्या खेळावर झाकण हवं. आणि जिथे उचलणं हातात नाही, म्हणजे ट्रेलवर किंवा तळ्याकाठी, तिथे पट्टा आखूड. अगदीच अट्टल असेल तर जाळीचा मुसका मिळतो, त्यातून त्याला धापा टाकता येतात, पाणी पिता येतं. सवय लावून घातला तर तो छळ नाही.

पिशवी कचऱ्यातच टाका. "खतच आहे की" असं म्हणून झाडाखाली सोडू नका. मांसाहारी प्राण्याची विष्ठा म्हणजे गाईचं शेण नव्हे. परसातल्या खताच्या ढिगात जंतांची अंडी मरतील इतकी उष्णता सहसा होत नाही. आणि श्रूजबरीत आणखी एक कारण आहे. रस्त्याकडेच्या जाळीतून जाणारं पावसाचं पाणी बहुतेक ठिकाणी सांडपाणी शुद्धीकरण केंद्राकडे जात नाही, ते थेट ओढ्यात आणि तळ्यात जातं. श्रूजबरी आणि वूस्टरच्या मधलं क्विन्सिगामंड तळं, जिथे आपण उन्हाळ्यात पाहुण्यांना नौकांच्या शर्यती दाखवायला नेतो, ते या पाण्याच्या वाटेवर आहे. तिथून पाणी क्विन्सिगामंड नदीतून ब्लॅकस्टोन नदीला मिळतं. मध्यम कुत्र्याची शी दिवसाला पाव किलो धरली, तरी तीन महिन्यांत बावीस किलो होते. त्यातले जंतू, नायट्रोजन आणि फॉस्फरस वितळत्या बर्फाबरोबर कुठे जातात ते आता वेगळं सांगत नाही. उन्हाळ्यात पाण्यावर शेवाळाची साय धरली आणि पोहायला बंदी झाली, की चिडणाऱ्यांत आपणही असतो.

आता त्या प्रश्नाकडे, की इतकं साधं काम आपण का टाळतो? माझं उत्तर कदाचित टोचेल.

किळस ही जन्मजात वाटते, पण तिचा मोठा भाग शिकवलेला असतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन आणि सहकाऱ्यांचा १९८६ सालचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. पीनट बटर आणि वासाचं चीज यांपासून त्यांनी हुबेहूब कुत्र्याची शी बनवली आणि ती लहान मुलांसमोर ठेवली. अगदी लहान, दोन वर्षांच्या आसपासच्या मुलांपैकी निम्म्याहून अधिकांनी ती खाल्ली. थोडी मोठी मुलं मागे सरकली. म्हणजे लाडू आणि आपण यांच्यातलं अंतर दोन-तीन वर्षांच्या शिकवणुकीचं आहे. ही शिकवण चांगलीच आहे, ती आपल्याला रोगांपासून वाचवते. पण आपल्याकडे तिच्याबरोबर आणखी एक धडा गुपचूप शिकवला गेला. घाण वाईट, म्हणून घाण उचलणाराही खालचा. ते काम कोणीतरी दुसऱ्यानं करायचं. माझ्या आजोळी मागच्या बोळातून येणाऱ्या बाईंचं नाव घरात कोणालाच माहीत नव्हतं, हे मला अमेरिकेत आल्यावर, हातात पिशवी धरल्यावर आठवलं.

अप्पासाहेब पटवर्धनांना हा धडा पुसायचा होता. कोकणातल्या ब्राह्मण घरातला हा माणूस १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात होता. तिथे त्यांनी मैला साफ करण्याचं काम मागितलं. तुरुंगाच्या नियमांत ते काम ठरावीक जातीच्या कैद्यांचंच होतं, म्हणून नकार मिळाला. अप्पासाहेबांनी अन्नत्याग केला आणि डिसेंबरात येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपोषण सुरू केलं. जे काम मिळू नये म्हणून लोक धडपडतात, ते मिळावं म्हणून उपोषण! पुढे कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमातून त्यांनी मैल्याचं खत करणाऱ्या संडासांचा प्रसार केला. हातानं मैला उचलायला माणूस लावण्यावर बंदी घालणारे कायदे भारतात १९९३ आणि २०१३ मध्ये झाले, आणि तरीही ते काम पुरतं संपलेलं नाही.

कुत्र्याची पिशवी आणि ते आयुष्यभराचं ओझं यांची बरोबरी मी करत नाही. ती करणं त्या माणसांचा अपमान होईल. मी एवढंच म्हणते, की आपल्या मनातला तो जुना धडा श्रूजबरीच्या अंगणातही चालू असतो. म्हणूनच वीस-पंचवीस डॉलरची पावडर घेणं सोपं जातं, वाकणं अवघड. म्हणूनच घरात "ज्यानं हट्ट धरला त्यानं उचलावं" असं होतं, आणि मग आठ वर्षांची पोर किंवा घरातली बाई एकटी उचलत राहते. आणि म्हणूनच कुत्र्याला घरातून काढणं हा अंगणात पाच मिनिटं उभं राहण्यापेक्षा स्वीकारार्ह पर्याय वाटायला लागतो. सवयीपायी परत दिलेला मोठा कुत्रा दुसऱ्या घरी गेला तरी तेच करणार. आपण फक्त प्रश्न आणि प्राणी दोन्ही शेजाऱ्याच्या दारात नेऊन सोडले, एवढंच होतं.

मैत्रिणीला मी हे सगळं फोनवर सांगितलं नाही. तिला म्हटलं, "तीन आठवडे दे. पावडरी बंद कर. पाळीची यादी करून फ्रिजवर लाव, आणि पहिलं नाव नवऱ्याचं लिही." शनिवारी सगळ्यांनी मिळून अंगण साफ केलं. तीन मोठ्या पिशव्या भरल्या. सासूबाई ओट्यावरून सूचना देत होत्या, "अरे, तो कोपरा राहिला, झोपाळ्याखाली बघ." साताऱ्याला त्यांचं अंगण रोज सडा घातलेलं असतं, त्यांची नजर चुकणार कशी?

तीन आठवड्यांनी पुन्हा बोलणं झालं. लाडू सुधारला का, तर नाही. परवा शेजारच्या कुंपणाखालून मिळालेला ऐवज त्यानं फस्त केलाच. पण घरच्या अंगणात खायला काही उरत नाही, कारण आता रोज सकाळी सात वाजता नवरा पट्टा धरून उभा असतो. देवघराला लहान मुलांसाठी असतं तसं जाळीचं फाटक बसलं आहे. परत देण्याचा विषय निघालेला नाही. लेक जेवते आहे.

तुमच्या घरी असा लाडू असेल, तर आज संध्याकाळी त्याच्याबरोबर बाहेर जा. पिशवी आठवणीनं घ्या, एक जास्तीची.